‘ड’ जीवनसत्त्व, मधुमेह आणि बाबांची औषधांची पिशवी



मी डॉक्टर नाही, हे पहिल्याच ओळीत सांगितलेले बरे. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तरीही आपल्या आरोग्य-अर्थ विभागासाठी लिहायला बसलो, कारण गेल्या हिवाळ्यात एक चूक माझ्या स्वतःच्या घरात झाली आणि ती करणाऱ्यांत मीच पुढे होतो. बोस्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच घरांत तीच चूक आज चालू असावी, असा माझा अंदाज आहे.

माझे आई-बाबा गेल्या ऑक्टोबरमध्ये सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. बाबा निवृत्त शिक्षक, वय ६८, मधुमेह १४ वर्षांचा. शिस्तीचा माणूस. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन, जेवणानंतर शतपावली, चहात साखर नाही. नोव्हेंबर उजाडला, साडेचारला अंधार पडू लागला आणि शतपावली बंद झाली. त्याच सुमारास मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कोणीतरी म्हणाले, “इथे ऊन नसते हो काका, ‘डी’ घ्या. शुगरसुद्धा खाली येते.” बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी दुसऱ्याच दिवशी घाऊक दुकानातून ५,००० युनिटच्या गोळ्यांची मोठी बाटली आणली. स्वस्त होती आणि औषधाच्या चिठ्ठीची गरज नव्हती. मुलगा म्हणून काहीतरी केल्याचे समाधानही मिळाले.

जानेवारीत बाबांना रात्री तीन-चारदा उठावे लागू लागले. तोंडाला कोरड, सारखी तहान, पोट साफ नाही, काही खावेसे वाटत नाही. घरच्या मीटरवर सकाळची उपाशीपोटीची साखर १९०. आम्हाला वाटले, थंडीने आणि घरात बसून साखर वाढली. ते अर्धेच खरे होते.

डॉक्टरांनी “काय काय घेता ते सगळे घेऊन या,” म्हणून सांगितले. आईने पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा हिशोब बाहेर आला. सांगलीहून आणलेल्या ६०,००० युनिटच्या आठवड्याला एक घ्यायच्या कॅप्सूल. दोन वर्षांपूर्वी तिथल्या डॉक्टरांनी त्या फक्त आठ आठवड्यांसाठी दिल्या होत्या, पण दुकानदार देत राहिला आणि बाबा घेत राहिले. त्यात माझी ५,००० ची रोजची गोळी. शिवाय हाडांसाठी दिवसातून दोनदा कॅल्शियमची गोळी, तिच्यातही २५० युनिट ‘ड’. इंजिनीअरने बेरीज करायला हवी होती, ती डॉक्टरांनी केली. रोजचे सरासरी १४,००० युनिट!

आणखी एक गोष्ट निघाली, ती बाबांनी कोणालाच सांगितली नव्हती. “अरे, ‘डी’ चालू केलेय ना, म्हणून संध्याकाळची मेटफॉर्मिन मी बंद केली. उगाच दोन-दोन औषधे कशाला?”

रक्ताचे निकाल आले. एचबीएवनसी ७.२ वरून ८.६. ‘ड’ची पातळी ११२. रक्तातले कॅल्शियम मर्यादेच्या थोडे वर. आणि ब-१२ खूपच कमी. डॉक्टरांनी ‘ड’ आणि कॅल्शियम दोन्ही थांबवले, रक्तदाबाची गोळी बदलली, मेटफॉर्मिन पूर्ववत केली आणि ब-१२ सुरू केले. एप्रिलमध्ये परत जाण्यापूर्वी कॅल्शियम जागेवर आले, एचबीएवनसी ७.४ झाले. निभावले. पण त्या आठवड्यांत मी जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आपल्यापुढे मांडावेसे वाटते.

‘ड’ नेमके करते काय?

ऊन त्वचेवर पडले की त्यातल्या अतिनील किरणांमुळे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. यकृतात त्याचे एक रूपांतर होते (रक्ताच्या तपासणीत मोजतात ते हेच) आणि मूत्रपिंडात दुसरे. हे शेवटचे रूप आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करते. म्हणजे ‘ड’चे मुख्य आणि निर्विवाद काम हाडांचे आहे.

आपल्याला इथे ते कमी पडते, यात शंका नाही. सांगली-पुण्याचा अक्षांश १७-१८, बोस्टनचा ४२. बोस्टनमध्येच झालेल्या १९८८ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात इथल्या उन्हात त्वचेत ‘ड’ तयारच होत नाही. आपली त्वचा सावळी, तिला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त ऊन लागते. आणि खिडकीच्या काचेआड बसून ऊन खाण्याचा उपयोग नाही, कारण काच नेमके हवे असलेले किरण अडवते. आमची आई रोज दुपारी सोफा खिडकीशी ओढून बसायची. ऊब मिळाली, ‘ड’ नाही.

तेव्हा “‘ड’ घेऊच नका” असे मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० साली ठरवलेले प्रमाण असे: ७० वर्षांपर्यंत रोज ६०० युनिट, त्यापुढे ८००, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ४,००० च्या वर जाऊ नये. रक्तातली पातळी २० असली की बहुतेकांच्या हाडांना पुरते. (इंग्लंडमधल्या नातेवाइकांचा रिपोर्ट वाचताना तो आकडा अडीचने भागा. त्यांचे ५० म्हणजे आपले २०.) हाडांसाठी एवढे ‘ड’ मिळायलाच हवे. मधुमेह असो वा नसो.

मग साखरेचे काय?

माझे मत इथून सुरू होते. ‘ड’ कमी असलेल्या लोकांत मधुमेह जास्त दिसतो, हे खरे आहे. पण आमच्या धंद्यात नवशिक्याला पहिला धडा हाच देतात: दोन बिघाड एकाच वेळी दिसले म्हणून एकामुळे दुसरा झाला असे धरू नकोस, दोघांच्या मागे तिसरेच कारण असू शकते. जो माणूस दिवसभर घरात बसतो, चालत नाही, ज्याचे पोट सुटले आहे, त्याला ऊनही कमी मिळते आणि मधुमेहही गाठतो. शिवाय ‘ड’ चरबीत मुरते, त्यामुळे वजन जास्त असले की रक्तातली पातळी कमी दिसते.

खरे-खोटे करायचा मार्ग एकच. निम्म्या लोकांना ‘ड’ द्यायचे, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, आणि थांबायचे. असा मोठा प्रयोग आपल्याच गावातून चालवला गेला. टफ्ट्स मेडिकल सेंटरचे डॉ. अनास्तासिओस पिट्टास यांच्या नेतृत्वाखाली मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ जणांना त्यात घेतले होते. अर्ध्यांना रोज ४,००० युनिट ‘ड’. निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच वर्षांत ‘ड’ घेणाऱ्यांपैकी २९३ जणांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांपैकी ३२३ जणांना. फरक दिसतो, पण तो योगायोगानेही पडू शकेल इतका लहान.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. २०२३ साली असे तीन प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा उंबरठ्यावरच्या लोकांत मधुमेहाचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. म्हणूनच २०२४ साली एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरक-तज्ज्ञांच्या संस्थेने, मधुमेह होण्याची दाट शक्यता असलेल्यांनी आहार-व्यायामाच्या जोडीला ‘ड’ घ्यावे असे सुचवले आहे. ‘जोडीला’ हा शब्द महत्त्वाचा. त्या जागी नव्हे.

पण हे झाले उंबरठ्यावरच्यांचे. माझ्या बाबांसारखे जे उंबरठा केव्हाच ओलांडून आत आले आहेत, त्यांच्यासाठी? टफ्ट्सच्याच गटाने १२७ मधुमेही रुग्णांना ४८ आठवडे रोज ४,००० युनिट देऊन पाहिले. २०१८ साली निकाल आला: एचबीएवनसीत लक्षणीय फरक नाही. कमतरता नसताना केवळ साखर उतरावी म्हणून जीवनसत्त्वे घेण्याची शिफारस अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही करत नाही.

आणि हे पंधरा टक्के कशाशी ताडून पाहायचे? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह-प्रतिबंध प्रयोगात आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम आणि वजनात सात टक्के घट यांच्या मागे लागलेल्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. २००६ साली चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या प्रयोगात, म्हणजे आपल्यासारख्याच लोकांत, आहार-व्यायामाने २८.५ टक्के आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्के. निरनिराळे प्रयोग असे शेजारी ठेवणे काटेकोर नाही, हे मला मान्य आहे. पण गोळी गिळणे सोपे आणि चालणे अवघड म्हणून आपण कशाला किती मान देतो, याचा अंदाज त्यातून येतो.

अति तेथे माती

“जीवनसत्त्व आहे, जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाईल.” हे वाक्य मी स्वतः बाबांना ऐकवले आहे. ते ‘क’ला बरेचसे लागू पडते, ‘ड’ला नाही. ‘ड’ शरीरात साठते. फार झाले की रक्तातले कॅल्शियम वाढते. आणि त्याची लक्षणे कोणती? तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, थकवा, गोंधळलेपण. यातली पहिली दोन मधुमेह्याला आणि त्याच्या घरच्यांना ओळखीची. त्यामुळे आम्ही सगळा दोष साखरेला दिला आणि बाटली तशीच चालू ठेवली. बाबांच्या तहानेत साखरेचा वाटा किती आणि कॅल्शियमचा किती, हे डॉक्टरांनाही वेगळे करून सांगता आले नाही.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत थायझाइड जातीचे, लघवी वाढवणारे औषध होते. ते कॅल्शियम शरीरात धरून ठेवते. वर ‘ड’ आणि कॅल्शियमचा मारा. तीन गोष्टी एकाच दिशेने ढकलत होत्या. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, ज्यांची मूत्रपिंडे मधुमेहाने थकली आहेत, जे हृदयासाठी डिगॉक्सिन घेतात, त्यांनी तर स्वतःच्या मनाने ‘ड’चे मोठे डोस घेऊच नयेत. मूत्रपिंड थकले की ‘ड’चे शेवटचे रूपांतर नीट होत नाही. मग कोणत्या प्रकारचे ‘ड’ द्यायचे, हे डॉक्टरच ठरवू शकतात.

एकदम मोठा डोस दिला की हाडे जास्त मजबूत होतात, असेही नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या सव्वादोन हजार स्त्रियांवरच्या प्रयोगात वर्षातून एकदा ५ लाख युनिट ‘ड’ किंवा रिकामी गोळी दिली. २०१० सालच्या निकालात ‘ड’ मिळालेल्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी न होता उलट वाढले.

विसरलेले ब-१२

बाबांच्या पायांना वर्षभर मुंग्या येत होत्या. ते म्हणायचे, “‘डी’ने जातील.” मुंग्या येण्यामागे मधुमेह असतोच, पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतली की ब-१२ चे शोषण कमी होते आणि त्यामुळेही मुंग्या येतात. बाबा शाकाहारी, आणि शाकाहारात ब-१२ मिळते ते दूध-दह्यातूनच. भारतात आणि विशेषतः पुण्यात ब-१२ ची कमतरता किती पसरलेली आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पूर्वीच दाखवून दिले आहे. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मराठी शाकाहारी माणसाने एकाच जीवनसत्त्वाची चौकशी करायची ठरवली, तर ते ब-१२ असावे, असे माझे मत झाले आहे. सगळे ‘ड’च्या मागे धावत असताना हे बिचारे मागे राहते. बाबांच्या मुंग्या आता कमी आहेत. पूर्ण गेलेल्या नाहीत. उशीर झाला, तो झाला.

खिशाची गोष्ट

प्रवासी विमा आधीपासूनच्या आजारांना सहसा हात लावत नाही. मधुमेहाशी जोडलेली भेट म्हणून आमचा दावा नाकारला गेला. डॉक्टर आणि तपासण्या मिळून ४८२ डॉलर खिशातून गेले. बारा डॉलर वाचवून आणलेल्या बाटलीचा तो खरा भाव.

आपल्या नेहमीच्या विम्यातही ‘ड’ची तपासणी ‘सहज म्हणून’ केली तर बिल अंगावर येऊ शकते. तेव्हा आधी विचारा. निरोगी माणसाने उगाच ही तपासणी करू नये, असेच २०२४ चे मार्गदर्शन आहे. आजार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. करमुक्त आरोग्य खात्यातून जीवनसत्त्वांचे पैसे सहसा देता येत नाहीत. विशिष्ट आजारासाठी डॉक्टरांनी लेखी शिफारस केली असेल तर गोष्ट वेगळी.

गोळ्या विकत घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, युनिट. आता लेबलवर मायक्रोग्रॅम छापतात. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. ‘१२५’ वाचून थोडेच वाटते, ते ५,००० युनिट असतात. दुसरी, शुद्धता. १९९४ च्या कायद्यानुसार अशा गोळ्यांना बाजारात येण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागत नाही, म्हणून ‘यूएसपी व्हेरिफाइड’ ही स्वतंत्र तपासणीची खूण शोधा. तिसरी, शाकाहार. मऊ कॅप्सूल बहुधा जिलेटिनच्या असतात आणि ‘ड-३’ सहसा मेंढीच्या लोकरीच्या स्निग्धांशापासून बनवतात. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी दगडफुलासारख्या वनस्पतीपासून केलेले ‘ड-३’ मिळते. गोळी जेवणाबरोबर घ्यावी. वरणावर तूप असतेच, ‘ड’ शोषले जायला स्निग्ध पदार्थ लागतो. आणि इथल्या दुधात ‘ड’ घातलेले असते. एका कपात साधारण १०० ते १२० युनिट. तेही हिशोबात धरा.

माझे म्हणणे

वाचकहो, ‘ड’ हे हाडांचे जीवनसत्त्व आहे. कमी असेल तर भरून काढावे. मधुमेहाचे औषध म्हणून त्याकडे पाहू नये. गोळीने अपाय होतो तो बहुतेक वेळा तिच्यातल्या रसायनाने नव्हे, तर तिच्या भरवशावर आपण जे सोडून देतो त्याने. बाबांनी संध्याकाळची मेटफॉर्मिन सोडली. मी त्यांच्याबरोबर चालायला जाणे सोडले. बाटली आणून दिली ना, मग माझे कर्तव्य संपले! खरे तर जवळच्या मॉलमध्ये रोज अर्धा तास फिरवून आणले असते तर ५,००० युनिटांपेक्षा ते कितीतरी जास्त उपयोगी पडले असते. फेब्रुवारीपासून आम्ही तेच केले.

दोन विनंत्या करतो. पहिली घराघरांना. आई-वडील येतील तेव्हा पहिल्याच शनिवारी त्यांची औषधांची पिशवी टेबलावर मांडा. एका कागदावर तीन रकाने करा: काय, किती, कोणी आणि कधीपर्यंत सांगितले. तिसरा रकाना रिकामा राहिला तर डॉक्टरांना विचारा. आणि रागावू नका. बाबांनी मेटफॉर्मिन सोडल्याचे लपवले ते माझ्या रागावण्याच्या भीतीने, हे मला आईने नंतर सांगितले.

दुसरी विनंती मंडळाच्या कार्यकारिणीला. ‘मधुमेह बरा करणारी’ कोणतीही गोळी, पूड वा काढा यांची जाहिरात या पत्रिकेत घेऊ नये आणि कार्यक्रमांत टेबल लावू देऊ नये. अशा पूरक गोळ्यांवर रोग बरा करण्याचा दावा करणे या देशाच्या कायद्यातही बसत नाही. त्या पैशांवाचून आपला गणपती अडणार नाही. त्याऐवजी आपल्यातल्याच डॉक्टर मंडळींनी वर्षातून एकदा ‘पिशवी घेऊन या’ असा कार्यक्रम ठेवावा. कागद-पेन्सिल आणि बेरजा करायला मी येईन. आता मला त्या येतात.

आपले अनुभव आणि मतभेद जरूर कळवा.

— मंडळाचा एक सभासद